नोकरी सांभाळून जपलेला सूर

● वाळूज (छत्रपती संभाजीनगरजवळ) : येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. अशा कारखान्यात पाळीत काम करणाऱ्या कलावंताला रियाजही पाळी पाहूनच जमवावा लागतो.

● अरुण दाते (१९३४-२०१८) : ‘शुक्रतारा’ घरोघरी पोचवणारे गायक; शिक्षणाने वस्त्र अभियंता. कापड उद्योगात अनेक वर्षे नोकरी.

● यशवंत देव (१९२६-२०१८) : संगीतकार, कवी; आकाशवाणीत नोकरी.

● पं. नाथराव नेरळकर (निधन २०२१) : मराठवाड्याचे ज्येष्ठ गायक, छत्रपती संभाजीनगरात संगीताचे अध्यापन. संगीत नाटक अकादमी पुरस्काराचे मानकरी.

पगार मिळतो म्हणून कलावंताला फुकट गायला लावू नका. कार्यक्रमाचे मानधन आवर्जून द्या.