नफा किती, वसूल किती?

लातूरच्या डाळ मिलमधून डाळीची गाडी परगावी रवाना झाली की विक्रीची नोंद बहुधा त्याच दिवशी होते, रक्कम मात्र महिन्या-दोन महिन्यांनी, क्वचित तगाद्यांनंतर वसूल होते. त्यामुळे पाडव्याला वहीपूजन करणारा लातूरचा मिलवाला असो की नांदेडच्या मोंढ्यातला व्यापारी, नफ्याच्या आकड्यावर संतुष्ट न होता ‘येणे किती?’ हे तो आधी विचारतो.

शेअरबाजार हे विचारतो काय? कंपनीचा नफा दोन अंशांचा असतो : प्रत्यक्ष हाती आलेली रोख, आणि उधारी, शिल्लक माल, घसारा इत्यादींच्या नोंदींतून कागदावर उभा राहिलेला उपार्जित अंश. कोणती उधारी बुडीत जाईल, गोदामातल्या मालाला काय भाव येईल, हा सारा अदमासाचा मामला असल्याने हा दुसरा अंश पुढील वर्षी रोखीइतका टिकत नाही. रिचर्ड स्लोन या अभ्यासकाने 1962 ते 1991 या काळातील अमेरिकन कंपन्यांचे हिशेब तपासून 1996 साली दाखवले की गुंतवणूकदार हा भेद न करता केवळ नफ्याच्या एकूण आकड्यावर भाव लावतात. ज्यांच्या नफ्यात उपार्जित अंश अल्प, असे शेअर घेऊन ज्यांच्यात तो विपुल, ते विकणाऱ्यास पुढील वर्षी सुमारे 10 टक्के अधिक लाभ झाला असता. हे मर्म जाणत्या फंडांना उमगल्यावर तो लाभ तिकडे पुढे बराच ओसरला, हे ओघानेच आले.

तथापि रोख आटली की लबाडीच, असा निष्कर्ष उतावीळपणाचा ठरेल. तुरीची मोठी आवक हिवाळ्यात होते. त्या वेळी गोदाम भरून घेणाऱ्या मिलचा 31 मार्चचा हिशेब नफा दाखवील आणि रोख प्रवाह तूट, तरी व्यवहार चोख असेल.

उलट, रोखीचा आकडाही निर्दोष असतोच असे नाही. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी लेखी कबुली दिली, की ताळेबंदातील 5,040 कोटींची रोख व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. आणि तिच्या जोडीला 376 कोटींचे उपार्जित व्याजही, तितकेच निराधार, हिशेबात धरलेले होते.