आजीची सेवा वहीत लिहा



ख्रिस्ती घरातली आजी गेली की मंडळीच्या नोंदवहीत तिच्या मोजक्याच तारखा उरतात: बाप्तिस्मा, लग्न, दफन. चर्चची झाडलोट कुणी केली, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेला कोण बसलं, रविवारच्या शाळेत मुलांकडून वचनं कुणी पाठ करून घेतली, हे त्या वहीत नसतं. म्हणून ते घरच्यांनी लिहायचं.

लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा. जन्म १८६८ चा. शाळा नाही, लिहिणं-वाचणं लग्नानंतरचं. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. पुढे विचारांती १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मुलगा देवदत्त यांच्या आग्रहामुळे त्यांनी आठवणी लिहिल्या, त्याच ‘स्मृतिचित्रे’. म्हणून त्यांची भांडणं, सोवळं सुटणं आणि श्रद्धा आज आपल्याला कळते.

आजीला साधे प्रश्न विचारा. पहिली प्रार्थना कुणी शिकवली? ‘उपासना संगीत’मधलं कोणतं गीत पाठ आहे? सासरच्या मंडळीत पहिलं काम कोणतं केलंस? देवावर कधी रुसलीस का? उत्तर तिच्याच बोलीत लिहा. शुद्ध करू नका. गाव आणि साल मात्र लिहून ठेवा.

आजी हयात नसेल, तर तिचं बायबल उघडा. कोऱ्या पानांवर घरातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, खुणा केलेली वचनं असतात. मग तिच्या बरोबरीच्या बायकांकडे जा. त्याही आता थकल्या आहेत. या रविवारीच जा.