वास्डेल हेडचे मद्यगृह आणि त्याचा यजमान
इंग्लंडच्या वायव्येस, जुन्या कंबरलंड परगण्यात, ९७८ मीटर उंचीच्या स्काफेल पाइकच्या पायथ्याशी वास्डेल हेड नावाचे चिमुकले खेडे वसले असून, तेथील मद्यगृहाचा कीर्तिमान मालक विल रिटसन (१८०८–१८९०) हा वाटसरूंना मोठ्या गंभीर मुद्रेने सांगे, की आमच्या खोऱ्यातले सलगम एवढे प्रचंड, की लोक रविवारच्या जेवणासाठी ते खाणीसारखे खणतात आणि मागे उरलेल्या पोकळीत मेंढरे कोंडतात. या थापांत मला त्या दुर्गम खोऱ्याची निर्मळ प्रतिभाच दिसते. गिर्यारोहकांचाही मुक्काम येथेच पडू लागला. १८८६ साली हॅस्केट स्मिथने नजीकचा नेप्स नीडल सुळका एकट्याने सर केला. रिटसनच्या स्मरणार्थ जवळच्या सँटन ब्रिज येथील मद्यगृहात थापाड्यांची वार्षिक स्पर्धा भरते. वकील आणि राजकारणी यांना तीत मज्जाव आहे.