हाताला उमगलेली संख्या
प्राथमिक वर्गातील कृतियुक्त अध्यापन व त्याची फलश्रुती

मूल शाळेत दाखल झाले व हजेरीपटावर त्याचे नाव चढले, एवढ्याने प्राथमिक शिक्षणाचे कार्य पुरे होत नाही. पहिल्या तीन इयत्तांत संख्येचा अर्थ ज्याला उमगला नाही, त्याला पुढे भागाकार, अपूर्णांक व व्यवहारी गणित ही सर्वच परकी वाटू लागतात. अशी मुले वर्गात बसतात, फळ्यावरील उदाहरणे उतरवून घेतात, आणि मागे पडत जातात. ही गळती हजेरीपटावर दिसत नाही, म्हणूनच ती अधिक चिंतेची होय.

सत्तावीस की बाहत्तर?

मराठी मुलापुढे संख्यालेखनात एक विशेष अडचण असते. ‘सत्तावीस’ या शब्दात सात आधी ऐकू येतात व वीस मागाहून. लिहिताना मात्र दोनाचा अंक आधी येतो. ऐकल्या क्रमाने अंक मांडणारे मूल २७ ऐवजी ७२ लिहिते. शेजारच्या कानडी भाषेत दशक आधी उच्चारला जात असल्याने ही अडचण तेथे येत नाही. ‘एकोणतीस’, ‘एकोणचाळीस’ या शब्दांत तर पुढच्या दशकातून एक उणा करावा लागतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशा पद्धतीच्या संख्यावाचनाचा समावेश झाला, तेव्हा राज्यभर जी चर्चा झाली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता. शब्द कोणताही वापरला तरी दशक व एकक यांचा भेद मुलाच्या मनात स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

काड्यांची जुडी

हा भेद स्पष्ट करण्यास महागड्या साधनांची गरज नाही. ज्वारीच्या ताटांचे अथवा झाडूच्या हिरांचे सारख्या लांबीचे तुकडे व थोडे रबर पुरेसे आहेत. मुलांनी दहा काड्या मोजून त्यांची एक जुडी स्वतःच्या हातांनी बांधावयाची. सत्तावीस म्हणजे दोन जुड्या व सात सुट्या काड्या, हे मग डोळ्यांना दिसते व हाताला जाणवते.

या साधनाचा खरा उपयोग दुसरी-तिसरीत हातच्याची वजाबाकी शिकविताना दिसून येतो. ५२ मधून २७ वजा करताना अनेक मुले ७ मधून २ व ५ मधून २ वजा करून ३५ असे उत्तर लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सोयीस्कर ती वजाबाकी करते. हेच उदाहरण काड्यांनी केल्यास पाच जुड्या व दोन सुट्या काड्या समोर असतात. सात सुट्या काढता येत नाहीत, म्हणून मूल एक जुडी सोडते. आता चार जुड्या व बारा सुट्या झाल्या. त्यांतून दोन जुड्या व सात सुट्या उचलल्या, की दोन जुड्या व पाच सुट्या उरतात. उत्तर पंचवीस. ‘हातचा घेणे’ म्हणजे जुडी सोडणे होय, हे एकदा उमगले की नियम पाठ करण्याची गरज राहत नाही.

मात्र येथेच थांबता कामा नये. काड्यांनंतर मुलांनी जुड्यांचे चित्र काढावे, चित्रानंतर अंक लिहावेत, आणि शेवटी काड्यांवाचून उदाहरण सोडवावे. वस्तूकडून अंकाकडे नेणारा हा प्रवास घडला नाही, तर कृती हा केवळ खेळ ठरतो. साहित्य कपाटात जपून ठेवले व पाहुण्यांपुढे मांडले, तर तेवढेही साधत नाही.

जुनी परंपरा, नवा कायदा

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना महात्मा गांधींनी देशापुढे ठेवली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे जे कार्य आरंभिले, ते पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी परिसरातील साध्या वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे रूप दिले.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे शिक्षण देण्याचे तत्त्व कलम २९ मध्ये नमूद केले. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आली व तीत प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प यांना आकारिक मूल्यमापनाची साधने म्हणून स्थान मिळाले. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे, हे उद्दिष्ट ठरविले.

फलश्रुती कशी पाहावी?

विद्यार्थ्याची संपादणूक केवळ गुणांनी मोजल्यास ५२ उणे २७ चे चुकीचे उत्तर शून्य गुण मिळवून विस्मरणात जाते. शिक्षकाने नोंदवहीत ‘जुडी सोडून दाखवितो, अंकांत मांडताना चुकतो’ एवढे एक वाक्य लिहिले, तर उद्या त्या मुलाला नेमके काय शिकवावयाचे ते निश्चित होते.

शाळाभेटीस जाणारे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांनीही पाढे म्हणवून घेण्याबरोबरच एखाद्या मुलास चाळीसातून अठरा काड्या काढून दाखवावयास सांगावे व ‘असे का केलेस?’ हे आपुलकीने विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीत इमारत व रंगकाम यांबरोबर, तिसरीतील किती मुलांना जुडी सोडणे जमते हा प्रश्नही विचारला जावा. त्यास खर्च लागत नाही. पण त्याच्या उत्तरावर गावातील मुलांचे पुढील सारे शिक्षण अवलंबून आहे.