कापण्यापूर्वी पाहणे

काही महिन्यांपूर्वी लिंबायतमधील एका चार वर्षांच्या मुलाच्या मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमरची गाठ आढळली. वडील मूळचे धुळ्याकडील, येथे हिऱ्याच्या कारखान्यात कामाला. सीटी स्कॅनच्या फिल्म मी उजेडासमोर धरल्या. त्यांना काहीच उमगले नाही. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे कच्चा हिरा कापण्याआधी संगणकावर फिरवून आतला डाग पाहतात. तसं नाही का दाखवता येणार?" या प्रश्नानेच मला पायथॉन या संगणकभाषेकडे वळवले.

तत्त्व सोपे आहे. सीटी म्हणजे कापांची चळत. कापातील प्रत्येक ठिपक्यास जाडी दिली की त्याचा इवलासा ठोकळा होतो. त्यास व्हॉक्सेल म्हणतात. रेडिओलॉजिस्ट मित्राने प्रत्येक ठोकळ्यास अंक दिला: मूत्रपिंडास १, गाठीस २, शिरेस ३, उर्वरितास ०. हेच सेगमेंटेशन, अर्थात विभाजन. पायथॉनमधील 'निबाबेल' ही फाइल वाचते आणि 'सायकिट-इमेज' तीवर 'मार्चिंग क्यूब्ज' पद्धत चालवते. लोरेन्सन व क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत शेजारच्या आठ ठोकळ्यांचे मध्य जोडून घन कल्पितात. त्याचे काही कोपरे गाठीत व काही बाहेर असतील, तर पृष्ठभाग तेथूनच जातो. तेथे त्रिकोण बसवीत गेले की आकार उभा राहतो.

पहिल्या प्रयत्नात गाठ भाकरीसारखी चपटी दिसली! ठिपके ०.७ मिमी अंतरावर, काप मात्र ५ मिमी अंतरावर होते. ही मापे न दिल्यास संगणक तिन्ही दिशांना १ धरतो. मग १ लाख ठोकळ्यांची गाठ १०० घनसेंमी भरते. वस्तुतः ती २४५ घनसेंमी असते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. सीमा चुकीची आखली, तरी चित्र तितकेच देखणे दिसते. आमच्या चित्रात गाठ व शीर यांच्यामध्ये स्वच्छ फट होती. मूळ कापांत तेथे केवळ धूसरता होती. म्हणून रंगीत विभाजन मूळ कापांवर अर्धपारदर्शक ठेवून तपासावे. आमच्या शल्यचिकित्सकांनीही निर्णय मूळ कापांवरूनच घेतला.

चित्राचा उपयोग मात्र झाला. वडिलांनी ते स्वतः फिरवून पाहिले. "डाग मोठा आहे, पण कडेला आहे," ते हळूच म्हणाले आणि संमतीपत्र पुढे ओढले.