विलंबाची किंमत

पालघर-बोईसर दरम्यानच्या उमरोळीहून परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठणाऱ्याचा आधार म्हणजे उपनगरी गाडी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या हुकुमाने तीच थांबली, तेव्हा मशेरीने गालात पडलेला, आठवडे लोटूनही न भरणारा व्रण दाखवणे साहजिकच लांबणीवर पडले. देशातील ४१ कर्करोग केंद्रांत मार्च ते मे २०२० या तिमाहीत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाहून ५४ टक्क्यांनी घटली. रोग घटला नव्हता, केवळ दप्तरी चढायचा राहिला होता. पेशीविभाजन मात्र कोणत्याही फर्मानास जुमानत नाही : अर्बुद वाढून लसिकाग्रंथींत शिरले, की जे लहानशा शस्त्रक्रियेने साधले असते, त्यास किरणोपचारांची व रसायनोपचारांची जोड द्यावी लागते. तस्मात् तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातील व्रण सरकारी दवाखान्यात विनाविलंब दाखवावा.