खड्डा बुजवण्याआधी

जुन्या मुंबई-पुणे हायवेला कार्ले फाट्याच्या आसपास जमिनीला मोठी मागणी आहे. आज जिथे पंप किंवा ट्रान्सपोर्टचं आवार आहे, तिथे उद्या हॉटेल नाहीतर बंगल्यांचे प्लॉट होतील. अशा जागेतली इंधनाची टाकी क्रेनने उचलली आणि खड्ड्यात मुरूम ढकलला, की प्रश्न मिटला असं सर्रास धरलं जातं. पण टाकी म्हणजे नुसतं भांडं. भांडं उचललं म्हणून सांडलेलं निघून जात नाही. शिवाय गळती पुष्कळदा टाकीला नसतेच; पाइपांच्या जोडांतून, टँकर रिकामा करतात त्या तोंडापाशी ती वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने चालते.

‘आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाझरणार कुठे?’ मावळात हा समज फार पक्का आहे आणि त्याचं उत्तर कार्ल्याच्या डोंगरातच आहे. पावसाळ्यात लेण्यांत जाऊन पाहा, अखंड वाटणाऱ्या कातळातल्या भेगांतून पाणी झिरपत असतं. दख्खनचा बेसॉल्ट थरांवर थर असा रचलेला आहे. थरांमधले सांधे, भेगा आणि वरचा झिजलेला मुरूम यांतूनच आपल्या विहिरींना, बोअरना पाणी येतं. जिथून पाणी वाहतं, तिथून पेट्रोलही जातं. वाळूत पसरावं तसं ते इथे सारखं पसरत नाही, एखादी भेग धरून पुढे निघतं. त्यामुळे खड्ड्याशेजारची विहीर स्वच्छ आणि लांबची बोअर बाधित, असं होऊ शकतं. दोन भोकं पाडून ‘काही सापडलं नाही’ म्हणणाऱ्या अहवालावर मी तरी विसंबणार नाही. भूजल कुठल्या दिशेला वाहतं एवढं ठरवायलाच त्रिकोणात घेतलेल्या किमान तीन निरीक्षण-विहिरी लागतात, आणि त्यांची पातळी उन्हाळ्यात वेगळी, पावसाळ्यात वेगळी मोजावी लागते.

‘एवढ्या पावसात सगळं धुऊन जाईल’ हेही खरं नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. श्रावणात भूजल वर आलं की पेट्रोलचा थर वर चढतो, वैशाखात खाली उतरतो, आणि या चढउतारात मधला सगळा मुरूम माखून निघतो. उघड्यावरचं पेट्रोल उडून जातं. जमिनीत झाकलेलं कित्येक वर्षं टिकू शकतं. मातीतले जिवाणू ते खातात, पण पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आधी त्यावर तुटून पडतात. त्यात ऑक्सिजन संपतो आणि पेट्रोलमधलं बेंझीन मागे उरतं.

सगळ्यात धोक्याचा गैरसमज म्हणजे ‘वास नाही, म्हणजे पाणी चांगलं’. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. नाकाला ते साधारण 10 मिलिग्रॅमला, म्हणजे हजारपट झाल्यावर कळतं. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझीन 1 टक्क्यापर्यंत चालतं. एका लिटर पेट्रोलमधलं तेवढं बेंझीन पाण्यात उतरलं, तर साडेआठ लाखांहून जास्त लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचतं. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, जंतू पाहतात. बेंझीन त्यात नसतं. ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं.

नमुना घेतानाही हात जपून चालवावा लागतो. 40 मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची. आत एक बुडबुडा दिसला तरी नमुना पुन्हा घ्यायचा, कारण बेंझीन त्या हवेत निसटतं. मग कुपी थेट बर्फात. प्लास्टिकच्या बाटलीत भरून दुपारभर गाडीत फिरवलेल्या पाण्याचा अहवाल स्वच्छ आला, तर त्यात नवल नाही. माती घ्यायची ती खड्ड्याच्या तळातून, भिंतींतून आणि पाइपच्या चरातून. वर काढलेल्या ढिगाऱ्यातून नव्हे. मुरमाचा तांबूस रंग जाऊन राखाडी-काळा पट्टा दिसला, तर आधी तिथली घ्यायची.

हे काम खड्डा उघडा असतानाच स्वस्तात होतं. वर स्लॅब पडल्यावर तीच माती गाठायला बोअरचं मशीन आणावं लागतं.

दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम जुलै 2025 मध्ये आले. संशयित जागा ओळखून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवण्याचं काम त्यांत स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाकडे दिलं आहे, आणि नागरिकांच्या तक्रारीवरूनही ते सुरू होऊ शकतं. म्हणून शेजारी टाकी निघताना दिसली, तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या. प्लॉट घेत असाल, तर सातबाऱ्याबरोबर माती-पाण्याचा अहवालही मागा.